त्याला वाट कोण दावतं?

पत्र : मॅडम, नमस्कार. मी केज तालुक्यातली. सासर लातूरला आहे, पण सध्या आईजवळ माहेरीच आहे. आईचं वय ५७. दोन वर्षांपूर्वी अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, छत्रपती संभाजीनगरला केमोचे सहा डोस झाले. सव्वा वर्ष बरं गेलं. आता पुन्हा पोटात पाणी झालंय, रक्तातला आकडाही वाढलाय. डॉक्टरांनी कार्बोप्लॅटिनबरोबर लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन द्यायचं ठरवलंय. 'हे नॅनो औषध आहे' म्हणाले. त्याच आठवड्यात चुलत्यांच्या ओळखीचा एक जण घरी आला. 'सुवर्ण नॅनो' थेंब, तीन महिन्यांचे ४० हजार. तो म्हणतो, सोन्याचे कण थेट कॅन्सरच्या पेशीत घुसतात, बाकी अंगाला धक्का लागत नाही, केमो बंद करा. चुलते म्हणतात, दोन्ही नॅनोच आहेत तर सुया कशाला टोचायच्या? वडील म्हणतात, अर्धा एकर काढू पण मुंबईला नेऊ. माझी नॅनोची ओळख म्हणजे शेतात फवारलेली नॅनो युरियाची बाटली. आणि आई विचारते, 'सुई हातात लावत्यात, गाठ पोटात हाय. त्या औषधाला वाट कोण दावतं, बाई?' मला उत्तर देता आलं नाही. काय करू?

ताई, आधी थोडक्यात सांगते, म्हणजे आज रात्री तरी डोळा लागेल. थेंब घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध खरं आहे आणि आईच्या आजाराला धरून आहे. जमिनीला आत्ता हात लावू नका.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. मी आयुष्यातली बरीच वर्षं केमोच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. हजारो बाटल्या लावल्या असतील, पण इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला. त्याचं खरं उत्तर असं, की त्या औषधाला वाट कुणीच दाखवत नाही. ते रक्ताबरोबर सगळ्या अंगभर फिरतं. तुमच्या घरी आलेल्या माणसाचं सगळं दुकान या एका गोष्टीवर पांघरूण घालून चाललंय, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

नॅनो हे नुसतं माप आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. रक्तातली तांबडी पेशी साधारण ७,००० नॅनोमीटर रुंद असते. आईचं औषध ज्या फुग्यात भरलेलं असतं तो १०० नॅनोमीटरच्या आतबाहेर. तुमच्या गोठ्यातल्या म्हशीच्या दुधात केसिन नावाच्या प्रथिनाचे कण असतात, तेही शे-दीडशे नॅनोमीटरच्या घरातले, आणि दूध पांढरं दिसतं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तेव्हा दूधही नॅनो, युरियाही नॅनो. बाटलीवर तो शब्द आहे म्हणून आतला माल एकच, असं चुलत्यांना वाटलं ते साहजिक आहे, पण तसं नाही. आत काय भरलंय आणि ते कुणी, किती माणसांवर तपासलंय, एवढंच विचारायचं.

आईच्या फुग्यात भरलंय डॉक्सोरुबिसिन. औषध जुनंच आहे. इटलीत कास्तेल देल मोन्ते नावाचा एक जुना किल्ला आहे, त्याच्या आसपासच्या मातीत सापडलेल्या जिवाणूच्या वाणातून ते निघालं आणि १९७४ पासून अमेरिकेत मान्यता मिळून वापरात आहे. पेशीच्या केंद्रकात शिरून ते डीएनएच्या पिळात अडकून बसतं. मग पेशीला एकाची दोन होता येत नाही. कामाचं औषध आहे, पण हृदयावर त्याचा घाव बसतो आणि तो डोसागणिक साठत जातो. म्हणून साध्या डॉक्सोरुबिसिनचा आयुष्यभराचा हिशेब वहीत मांडून ठेवावा लागतो.

या अडचणीतून लायपोसोम आला. मेदाच्या दुहेरी पदराचा इवलासा फुगा, आत औषध. एकेका फुग्यात डॉक्सोरुबिसिनचे दहा ते पंधरा हजार रेणू बसतात. फुग्यावर बाहेरून पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या धाग्यांची झूल असते. ती नसेल तर यकृतातल्या आणि प्लीहेतल्या राखणदार पेशी फुग्याला परका समजून लगेच गिळून टाकतात. झूल असली की तो दोन-तीन दिवस रक्तात तग धरतो. १९९५ मध्ये अमेरिकेने याला मान्यता दिली, कॅन्सरचं हे पहिलं नॅनो औषध. २०१२ मध्ये तिकडे त्याचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भारतात तयार झालेलं हेच औषध तात्पुरतं मागवून घेतलं होतं. 'आपल्याकडचं कसलं असेल' असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

बाटली हातात घेतली की आम्हाला लगेच ओळखू येते. साधं डॉक्सोरुबिसिन आरपार, स्वच्छ लाल. हे जरा धूसर लाल, थेंबभर दूध पडल्यासारखं. फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, मिठाचं सलाईन चालत नाही. फिल्टरवाली नळी लावायची नाही. सुरुवात अगदी थेंबाथेंबाने करायची, कारण पहिल्या डोसला काहींचा चेहरा लालबुंद होतो, छातीत दाटतं, कंबर धरते. सिस्टर नळी बंद करतात, दहा-वीस मिनिटं थांबतात, पुन्हा हळू सुरू करतात आणि बहुतेकींना मग पुढे त्रास होत नाही. आईला हे आधीच सांगून ठेवा. लागलीच 'सिस्टर, जीव घाबरा होतोय' म्हणायला लाजू नको म्हणावं.

आता वाट. तुमच्याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. त्याचा कालवा डोळ्यासमोर आणा. जिथे अस्तर धड आहे तिथे पाणी सरळ पुढे जातं. जिथे अस्तर फुटलंय तिथे पाझर लागतो आणि निचरा नसेल तर शेजारचं रान चिबड होतं, पाणी आत शिरतं पण बाहेर पडत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, त्यांच्या अस्तराला फटी असतात. शंभर नॅनोमीटरचा फुगा धड रक्तवाहिनीतून सहसा बाहेर पडत नाही, पण या फटीतून झिरपतो. गाठीचा निचराही बिघडलेला असतो, म्हणून आत गेलेलं तिथेच रेंगाळतं. पाझर आणि चिबड, दोन्ही एकत्र. १९८६ मध्ये जपानमधल्या मात्सुमुरा आणि माएदा या संशोधकांनी हे मांडलं आणि पुढचं नॅनो औषधांचं बरंचसं काम त्यावर उभं राहिलं.

फुगा गाठीत पोचला की तिथे हळूहळू पाझरतो आणि मोकळं झालेलं औषध आपणहून पेशीत शिरतं. काही फुगे पेशी अख्खेच गिळतात. पेशीचं आवरण आत दुमडतं, त्याची पिशवी होते, पिशवीतला आंबटपणा वाढत जातो आणि फुगा विरतो. फुग्यावर कॅन्सरच्या पेशीची खूण ओळखणारे रेणू बसवायचे, म्हणजे तो तिलाच चिकटेल, असे प्रयत्न जगभर चालू आहेत. आईला जे मिळणार आहे त्यावर अशी खूण ओळखणारं काही नाही. ते पाझरानेच पोचतं.

आणि पोचतं तरी किती? २०१६ मध्ये टोरंटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा हिशेब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा भाग मध्यकाने ०.७ टक्के निघाला, म्हणजे निम्म्या प्रयोगांत याहून कमी, निम्म्यांत जास्त. हजारात सात. बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहेत जाऊन बसतात. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर तुमच्या आईच्या छातीत आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर घट्ट असतं, फुगा तिथे फारसा पाझरत नाही, म्हणून हृदय बरंच वाचतं. या औषधाचा मोठा गुण तो. कुठे जातं यापेक्षा कुठे जात नाही, यासाठी आम्ही ते देतो. तरीही डोसाच्या आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतील, तो टाळू नका.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. हे औषध आमच्या वॉर्डात नवं होतं तेव्हा जालन्याकडच्या एका बाईंना मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, 'मावशी, हे फक्त गाठीलाच लागतं.' दुसऱ्या डोसानंतर त्या आल्या तेव्हा दोन्ही तळहात लालभडक, सुजलेले, बोटांच्या पेरांवरची साल निघालेली. घरी सात माणसांच्या भाकरी थापत होत्या, दोन वेळा. हात पुढे करून एवढंच म्हणाल्या, 'तुम्ही तर म्हणला होता, गाठीलाच लागतंय.' मला तोंड वर करता आलं नाही. रक्तात दिवसेंदिवस फिरणारं हे औषध तळहात-तळपायांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून आणि घामातून कातडीत उतरतं, आणि जिथे दाब, घासणं, उष्णता असेल तिथे जास्त. मला ते माहीत होतं, मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून 'थेट गाठीवर' हा शब्द मी कुणाला वापरू दिला नाही, आणि म्हणून तुमच्या घरी आलेल्या माणसाचं बोलणं वाचून माझा संताप झाला.

डॉक्टरांनी हीच जोडी का निवडली, तेही सांगते. पहिल्या उपचारानंतर सहा महिन्यांहून जास्त काळाने आजार परतलेल्या ९७६ स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली, २०१० मध्ये ती छापून आली. निम्म्यांना कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल नावाचं केमोचं दुसरं औषध, निम्म्यांना कार्बोप्लॅटिन आणि हे लायपोसोमल औषध. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ पॅक्लिटॅक्सेलवाल्यांत मध्यकाने ९.४ महिने, लायपोसोमलवाल्यांत ११.३ महिने. एकूण आयुष्यात फारसा फरक निघाला नाही. पण केस कमी गेले, हातापायांच्या मुंग्या आणि बधिरपणा कमी झाला. तळव्यांचा त्रास मात्र वाढला. मागच्या वेळी आईचे केस गेले असतील, तेव्हा ही गोष्ट तिला मुद्दाम सांगा. बाईमाणसाला त्याचं किती वाटतं हे मी आरशापुढच्या खुर्चीत बसलेल्या बायकांकडे बघून शिकले.

त्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही वाचलीच असेल. हा आजार परतला की मुळासकट जाणं अवघड असतं. तो दाबून ठेवणं, पोटातलं पाणी आटवणं, जेवण जावं, झोप लागावी, असे महिने आणि जमलं तर वर्षं मिळवणं, हा आता उपचाराचा हेतू आहे. डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. वडिलांनाही समोर बसवा. जमीन विकण्याचा विचार खऱ्या माहितीवर व्हायला हवा.

आता थेंब. कॅन्सरच्या केमोत रोजच्या वापरातली ठळक नॅनो औषधं दोन. एक आईचं, दुसरं अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, २००५ पासूनचं, जे सलाईनमध्ये मिसळलं की बाटलीत दुधासारखं पांढरं दिसतं. दोन्ही शिरेतूनच देतात. मेदाचा फुगा तोंडाने घेतला तर आतड्यातलं पित्त त्याला साबणासारखं विरघळवतं. सोन्याचे कण गिळून कॅन्सर बरा करणारं कुठलंही मान्यताप्राप्त औषध नाही. आणि 'घेऊन तर बघू, तोटा काय' असं चुलते म्हणतील, तर तोटा हा. कार्बोप्लॅटिनचा डोस किडनी किती काम करते ते मोजून ठरवतात. त्या बाटलीत काय आहे कुणाला ठाऊक नाही, आणि त्याने किडनी किंवा यकृत बिघडलं तर डोस कमी करावा लागेल, पुढे ढकलावा लागेल. केमो सोडून थेंब घेतले तर आजाराला रान मोकळंच मिळालं.

त्या माणसाने पत्रक दिलं असेल तर जपून ठेवा. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. पत्रकाचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार देता येते. चुलत्यांशी मात्र भांडू नका. वहिनीसाठी जीव तुटतोय म्हणूनच त्यांनी तो माणूस घरी आणला. त्यांना डॉक्टरांच्या भेटीला सोबत न्या, शंका त्यांनाच विचारू द्या.

तो म्हणाला असेल, आमच्याकडे एवढे लोक बरे झाले. खरं तपासणं कसं असतं, हे बघायला लांब जायला नको. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी झाली. गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं गावोगाव फिरली. वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष आले, की एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगभर त्याचा दाखला देतात. शेतातून, खुरपणीतून उठून तपासणीला आलेल्या आपल्याच बायकांनी तो पुरावा दिला. ४० हजार मागणाऱ्याकडे अशी एक तरी वही आहे का, विचारा.

मुंबईबद्दल. आईला ठरवलेला उपचार संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातही होतो, टाटामध्येही तोच होईल. दर २८ दिवसांनी डोस, मधे रक्ततपासण्या. पोटात पाणी असलेल्या बाईला दर महिन्याला मुंबईपर्यंत नेणं-आणणं मला पटत नाही. मन शांत होत नसेल तर रिपोर्ट घेऊन एकदा तज्ज्ञांचं दुसरं मत घ्या, पण पहिला डोस त्यासाठी लांबवू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन त्याच्याकडे जा आणि 'लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन' हे नाव कागदावर लिहून विचारा, कुठल्या पॅकेजमध्ये बसतं. नुसतं 'केमो' म्हणू नका. कॅन्सरच्या पेशंटला एसटीच्या भाड्यात सवलत आहे, त्याचा दाखला पहिल्याच फेरीत करून घ्या.

डोस झाल्यावर एक-दोन दिवस लघवी तांबूस होते. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला तर गावातल्या डॉक्टरची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री असेल तर रात्री, तुम्हाला अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज जवळ आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात आणि एका रात्रीत जंतुसंसर्ग पसरतो. गाडी कुणाची, नंबर कुठे लिहिलाय, हे आधीच ठरवा.

तुमच्यासाठीही एक. अंडाशयाचा हा कॅन्सर कधी कधी बीआरसीए नावाच्या जनुकातल्या दोषामुळे घराण्यात उतरतो. आईची ती तपासणी झाली आहे का, डॉक्टरांना विचारा. तिच्या उपचाराला त्याचा उपयोग होतो आणि तुम्हा बहिणींनाही.

उरले तळवे. औषध चालू असताना हातापायांवर बर्फाच्या पिशव्या ठेवू देतात का, सिस्टरला विचारा. आमच्याकडे आम्ही ठेवत असू. घरी गरम पाण्याची भांडी नकोत, उन्हात अनवाणी चालणं नको, घट्ट चप्पल नको. खुरपं हातात धरायचं नाही. खोबरेल किंवा व्हॅसलीन हलक्या हाताने लावायचं, चोळायचं नाही. तळवे लाल दिसले, टोचल्यासारखं वाटलं की पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा, डोस कमी करून किंवा आठवडाभर पुढे नेऊन ते आवरतं.

आणि भाकरी. कठवतीत पीठ मळून, थापून, तापल्या तव्यावर टाकणं, म्हणजे दाब, घासणं आणि आच तिन्ही एकदम. आई 'एवढ्याने काय होतं' म्हणत चुलीपुढे बसेलच. तुम्ही कायम माहेरी राहणार नाही. पहिल्या डोसाच्या आधी वडिलांना किंवा घरात जे कुणी असतील त्यांना चार दिवस शेजारी बसवून भाकरी थापायला शिकवा. पहिल्या जाड होतील, कडा फाटतील. आईला पलीकडे बसून सांगू दे, पाणी किती घ्यायचं ते.